पश्चिम आफ्रिकेतला मूत्राशयाचा कर्करोग वेगळा का?

मूत्राशयाचा कर्करोग म्हटलं की आपल्याकडच्या डॉक्टरांपुढे साधारण ठरावीक रुग्ण उभा राहतो. साठी ओलांडलेला पुरुष, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेला, आणि एके दिवशी काही न दुखता लघवीतून लालभडक रक्त गेलेलं. युरोप-अमेरिकेतही चित्र हेच. सेनेगल, माली, नायजर किंवा उत्तर नायजेरियातल्या मूत्रविकार विभागात मात्र समोर येणारा माणूस बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीतला असतो. शेतकरी, मच्छीमार, नाहीतर कालव्याच्या पाण्यावर भात पिकवणारा. तंबाखू ओढलेली असेलच असं नाही. लघवी करताना आग आणि वेदना, आणि ओटीपोटावर हात ठेवला तर गाठ लागते.

फरक वयापुरता नाही, गाठीच्या जातीचाही आहे. मूत्राशयाला आतून जे नैसर्गिक अस्तर असतं त्यातून होणाऱ्या कर्करोगाला युरोथेलियल कर्करोग म्हणतात. पाश्चात्त्य देशांत दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांना हाच असतो. दुसरा प्रकार स्क्वॅमस, म्हणजे त्वचेसारख्या चपट्या पेशींचा. तिकडे तो शंभरात जेमतेम दोन ते पाच जणांत सापडतो. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात एक विशिष्ट कृमी मुरलेला आहे, तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींत मात्र स्क्वॅमस गाठी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त निघतात. उत्तर नायजेरियातल्या कानो शहरातल्या तुकडा-तपासण्यांत (बायॉप्सी) त्यांचं पारडं जड होतं. दक्षिण नायजेरियात, लागोस-इबादानकडे, युरोथेलियल प्रकार जास्त दिसतो. म्हणजे एकाच देशात, एकाच अवयवाचे, दोन वेगळे आजार. त्यांना एकाच आकड्यात कोंबलं की ना कारण नीट कळतं, ना उपचार नीट ठरतात.

या कृमीचं नाव शिस्टोसोमा हिमॅटोबियम. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांना तो १८५१ साली कैरोमध्ये शवविच्छेदन करताना सापडला, म्हणून रोगाला बिल्हार्झिया असंही म्हणतात. उत्तर नायजेरियातले हौसा लोक त्याला ‘त्सार्गिया’ म्हणतात आणि गावात ते नाव लहान पोरांनाही ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या कृमीला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे तो माणसात कर्करोग घडवतो याबद्दल शंका उरलेली नाही. सिगारेटचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

कृमीचा प्रवास समजला की जोखीम कुणाला आणि का, हे आपोआप उलगडतं. बाधित माणसाच्या लघवीतून अंडी बाहेर पडतात. ती गोड्या पाण्यात पडली की काही मिनिटांत फुटतात आणि आतून केसाळ सूक्ष्म अळी निघते. तिच्याकडे फार तर दिवसभराचा वेळ असतो. तेवढ्यात तिला बुलिनस जातीची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीच्या अंगात शिरलेल्या एका अळीच्या चार-सहा आठवड्यांत हजारो होतात. मग रोज, विशेषतः ऊन चढल्यावर, शेपटीच्या अळ्या पाण्यात सोडल्या जातात. पाण्यात उभ्या माणसाच्या धडधाकट कातडीतूनही त्या काही मिनिटांत आत शिरतात. जखम असावी लागत नाही, पाणी प्यावंही लागत नाही. आत गेल्यावर फुप्फुस, मग यकृत असा फेरा करून नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये ठाण मांडते. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, आयुष्य सरासरी तीन ते दहा वर्षं. क्वचित त्याहून कितीतरी जास्त. मादी रोज अंडी घालते, कधी वीस-पंचवीस, कधी दोनशेपर्यंत.

नेमकी इथेच गडबड होते. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. बरीचशी अंडी मूत्राशयाची भिंत फोडून लघवीत उतरतात, पण उरलेली भिंतीतच अडकतात. प्रौढ कृमी शरीराला सहसा चकवतो. अडकलेल्या अंड्यावर मात्र शरीर तुटून पडतं. त्याच्याभोवती दाहक पेशींची गाठ बनते, मग व्रण, मग चुना साचतो. दुर्बिणीतून पाहिलं तर अशा मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर पिवळट, वाळू चिकटल्यासारखे पट्टे दिसतात. जुन्या रुग्णाच्या साध्या क्ष-किरण फोटोतही मूत्राशयाची कड पांढरी उमटते.

कुदळ मारून तळहाताला घट्टे पडतात, तशी वर्षानुवर्षं खुपणारी ही भिंतही नाजूक अस्तर टाकून चपट्या, टणक पेशींचं अस्तर धरते. हा बदल म्हणजे कर्करोग नव्हे, पण कर्करोगाची पायरी नक्की. त्यात दुसरा धागा मिसळतो. आकसलेलं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि तुंबलेल्या लघवीत जिवाणू वाढतात. ते लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून नायट्रोसमाइन नावाची रसायनं तयार होतात. पेशींच्या जनुकांना इजा करण्यात ती वाकबगार आहेत. सततची सूज, पुन्हा पुन्हा भरून निघणाऱ्या पेशी आणि ही रसायनं यांचा संगम दोन-तीन दशकं चालतो. लागण बहुतेक दहा ते पंधरा वर्षांच्या वयात शिगेला असते. कर्करोग उगवतो चाळिशीत. रुग्ण तरुण असण्याचं गणित इतकं सरळ आहे.

यातून एक घोटाळा नेहमी होतो. कर्करोगाच्या रुग्णाची लघवी तपासली, अंडी सापडली नाहीत, म्हणून बिल्हार्झिया नाही असा निष्कर्ष काढला जातो. चूक. वय वाढतं तशी काहीशी प्रतिकारशक्ती येते आणि पाण्यात उतरणंही कमी होतं, म्हणून लघवीतली अंडी घटतात. जुनी, चुन्याने कडक झालेली अंडी असतात ती भिंतीत. ती दिसतात कापलेल्या तुकड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली. लघवीचा अहवाल कोरा असणं ही कर्करोगाच्या बाबतीत कसलीच खात्री नव्हे.

मुलांमध्ये मात्र लघवीची तपासणीच उपयोगाची, आणि तिचीही एक वेळ असते. अंडी दिवसभर सारखी पडत नाहीत. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात सर्वांत जास्त पडतात. म्हणून नमुना या वेळेतच घ्यायचा, आणि आधी मुलाला थोडं धावायला-उड्या मारायला लावलं तर उत्तम. डबी हलवून दहा मिलिलीटर लघवी सिरिंजमध्ये ओढायची, बारा ते वीस मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून हळूहळू ढकलायची आणि गाळणी काचेवर ठेवून अंडी मोजायची. पन्नास किंवा जास्त निघाली तर लागण जड समजतात. लघवी न हलवता वरवरची घेतली तर अंडी तळाशी राहतात आणि अहवाल खोटा निरोगी येतो. सकाळी सातचा नमुना घेऊन ‘गावात रोग नाही’ म्हणणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. गाळणी नसेल तर रक्त दाखवणारी रंगपट्टी बुडवली तरी बऱ्यापैकी अंदाज येतो, फक्त मोठ्या मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचं रक्त त्यात मिसळलेलं नाही ना हे विचारावं लागतं.

पाण्याचा भूगोल या रोगात फार बोलका आहे. घानात १९६५ साली अकोसोंबो धरणाने व्होल्टा नदी अडवली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांपैकी एक तयार झाला. वाहत्या नदीत गोगलगायीला फार थारा नसतो. संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या काठावर तिची चंगळ होते. काठच्या काही गावांत शाळकरी मुलांमधलं लागणीचं प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेलं. सेनेगल नदीच्या मुखाजवळचं दियामा धरण १९८६ सालचं. त्याने खारं पाणी वर येणं थांबवलं, ऊस आणि भाताला कालवे मिळाले आणि गोगलगायीलाही. शिवाय गोगलगायी खाणाऱ्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीचा नदीतून वर-खाली जाण्याचा मार्गच बंद झाला. रिशार-तोल गावात १९८८च्या सुमारास जो मोठा उद्रेक झाला तो आतड्याच्या बिल्हार्झियाचा होता, त्याचा कृमी वेगळा. पण मूत्राशयाचा प्रकारही त्या खोऱ्यात आहेच. मालीत नायजर नदीच्या कालव्यांवरचं ओफिस द्यू निजेर हे भातक्षेत्र अशाच कारणाने ओळखलं जातं. सिंचन नको असं कुणी म्हणत नाही. पण धरणाच्या अंदाजपत्रकात गोगलगायीची ओळ नसते, हे खटकतं.

पाण्यात कोण उतरतं यावर पुरुष-स्त्री प्रमाणही हलतं. जगभर या कर्करोगाच्या एका स्त्रीमागे तीन-चार पुरुष असतात. जिथे बायका धुणं-भांडी, पाणी भरणं, भातलावणी यांसाठी रोज गुडघाभर पाण्यात असतात, तिथे हे अंतर बरंच कमी होतं. बायकांचा आणखी एक प्रश्न आहे. हीच अंडी योनीत आणि गर्भाशयमुखावरही अडकतात, रक्तस्राव होतो, आणि डॉक्टर लैंगिक संसर्ग समजून प्रतिजैविकं देत बसतात.

आता बाकीची कारणं. सगळं खापर कृमीवर फोडता येत नाही. श्रीमंत देशांत या कर्करोगाचा साधारण निम्मा भार तंबाखूचा असतो. ओढणाऱ्याला धोका सुमारे तिप्पट. घाना आणि नायजेरियात प्रौढांमध्ये ओढणाऱ्यांचं प्रमाण जगाच्या मानाने बरंच कमी, दहांत एकापेक्षाही खाली. म्हणूनच तिथे युरोथेलियल प्रकार इतके दिवस मागे राहिला. कामाच्या जागची कारणं वेगळी. बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही जुन्या कृत्रिम रंगांतली, रबर उद्योगातली रसायनं मूत्राशयाला घातक म्हणून फार पूर्वीपासून माहीत आहेत. छपाई, रंगकाम, चामडं कमावणं या धंद्यांत अशा रसायनांशी संबंध येऊ शकतो, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या कारखान्यांत हातमोजे, वायुवीजन यांची बोंबच असते. उत्तर बुर्किना फासोत काही कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आढळलं आहे. बरीच वर्षं आर्सेनिकयुक्त पाणी पिण्यानेही हा कर्करोग होतो. बराच काळ ठेवलेली लघवीची नळी (कॅथेटर) आणि जुना मूतखडा हेही स्क्वॅमस प्रकाराकडे ढकलतात. रुग्णाला विचारताना ‘तंबाखू ओढता का’ एवढ्यावर थांबू नये. लहानपण कुठल्या पाण्याकाठी गेलं, पोहायला कुठे जायचात, आणि आजवर काय काय कामं केलीत, हे तिन्ही प्रश्न हवेत.

रुग्ण उशिरा येतो, हे तिथल्या प्रत्येक अहवालात लिहिलेलं असतं. का, तेही नीट बघायला हवं. ज्या गावात वयात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या लघवीत रक्त दिसतं, तिथे ते पुरुषपणाचं लक्षण मानलं जातं. तोच मुलगा चाळिशीत पुन्हा रक्त पाहतो तेव्हा त्याला नवीन काही वाटत नाही. आरोग्य केंद्रात गेला तर प्रतिजैविक मिळतं, किंवा कृमीची गोळी. दोन आठवडे बरं वाटतं, पुन्हा रक्त, पुन्हा तेच औषध. अशी वर्ष-दोन वर्षं निघून जातात. दुर्बीण-तपासणीची सोय मोठ्या शहरातच, आणि खर्च खिशातून. तोवर गाठ स्नायूच्या थरात शिरलेली असते. पाश्चात्त्य देशांत चारातले तीन रुग्ण निदानाच्या वेळी अजून स्नायूपर्यंत न पोचलेले असतात. पश्चिम आफ्रिकेत जवळपास उलटं.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर गोळ्या देत बसू नये. लघवीतून पांढरट चिंध्या किंवा पापुद्रे जाणं ही त्यातली पहिली. हे गाठीचे सडलेले तुकडे असतात आणि स्क्वॅमस प्रकारात बऱ्यापैकी दिसतात. रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. त्याखेरीज ओटीपोटात लागणारी गाठ, थेंब-थेंब होणारी लघवी, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं, चेहरा पांढराफटक पडणं आणि दम लागणं. कृमीचं औषध पूर्ण घेऊनही तीन महिन्यांनी रक्त चालूच असेल, तर मोठ्या माणसाची सोनोग्राफी आणि दुर्बीण-तपासणी झालीच पाहिजे. सोनोग्राफी भरलेल्या मूत्राशयावर करायची. रिकाम्या मूत्राशयाची जाड भिंत गाठीसारखी दिसते आणि खरी गाठ लपते. तुकडा घेताना त्यात स्नायूचा अंश यायला हवा. तो नसेल तर कर्करोग किती खोल गेलाय हे पॅथॉलॉजिस्ट सांगूच शकत नाही, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय अंधारात घ्यावा लागतो.

उपचारात प्रकार कळणं का महत्त्वाचं, तर वरवरच्या युरोथेलियल गाठीसाठी ती खरवडून नंतर मूत्राशयात बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लसीचे, डोस सोडतात, सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा. स्क्वॅमस गाठीवर बीसीजीचा काही उपयोग नाही, केमोथेरपीलाही ती फारशी बधत नाही. तिथे संपूर्ण मूत्राशय काढणं हाच मुख्य मार्ग. बिल्हार्झियाच्या गाठी बऱ्याचदा मोठ्या पण आजूबाजूच्या घट्ट तंतूंमुळे दूर पसरायला वेळ घेणाऱ्या असतात, त्यामुळे वेळेत पोचलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा खरा फायदा होतो. दुर्लक्ष झालं तर दोन्ही मूत्रवाहिन्या तुंबतात, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि बरेच रुग्ण कर्करोग पसरण्याआधी त्यानेच दगावतात.

मूत्राशय काढलं की लघवी जायची कुठून? सर्वसाधारण पद्धत म्हणजे आतड्याच्या तुकड्यातून पोटावर तोंड काढून त्यावर पिशवी लावणं. ही पिशवी दर थोड्या दिवसांनी बदलावी लागते. खेड्यात ती मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, उन्हाळ्यात घामाने सुटते, आणि वास येतो म्हणून माणूस मशिदीत, बाजारात जाणं सोडतो. म्हणून आफ्रिकेतल्या अनेक शल्यचिकित्सकांनी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला जोडण्याची जुनी पद्धत, तिच्या सुधारित रूपात, चालू ठेवली. पिशवी लागत नाही; लघवी शौचावाटे जाते. किंमत मात्र मोजावी लागते. मूत्रपिंडाला वारंवार संसर्ग, रक्तात आम्ल वाढणं, त्यासाठी रोज सोड्याच्या गोळ्या, आणि काही वर्षांनी त्या जोडावरच नवी गाठ होण्याचा धोका. ज्याला नियमित तपासणीला येता येणार नाही त्याच्यासाठी यातलं कोणतंच उत्तर चांगलं नाही. कुठल्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया होते, ते बऱ्याचदा दुकानात पिशव्या मिळतात की नाही यावर ठरतं.

इतकं सगळं टाळणारं औषध मात्र स्वस्त आणि साधं आहे. प्राझिक्वांटेल, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम, एकदाच. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम, ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. शाळांतल्या मोहिमांत वजनकाटा नसला तरी उंची मोजणारी खुणांची काठी लावून गोळ्या ठरवतात. गोळी कडू आणि मोठी, उपाशीपोटी घेतली की पोट दुखतं आणि उलटी होते. म्हणून आधी थोडं खायला द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी निम्मी मुलं त्या दिवशी शाळेतच येत नाहीत. दुसरी मर्यादा अशी की औषध प्रौढ कृमी मारतं, नुकत्याच शिरलेल्या अर्धवट वाढीच्या कृमींवर चालत नाही. ताजी लागण असेल तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा डोस लागतो. आणि मुलगा त्याच तळ्यात परत उतरला तर पुन्हा लागण. सहा वर्षांखालच्या मुलांना बसेल अशी गोळी बराच काळ नव्हतीच. पाण्यात विरघळणारी आर्प्राझिक्वांटेल आता आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिथे लागण दहा टक्के किंवा जास्त, तिथे दोन वर्षांवरच्या सगळ्यांना, मोठ्यांनाही, वर्षातून एकदा औषध द्यायचं आणि निदान पंचाहत्तर टक्के लोकांपर्यंत पोचायचं. आधी मोहिमा मुख्यतः शाळकरी मुलांवर थांबत असत, आणि शाळेत न जाणारी मुलं, कोळी, धुणं धुणाऱ्या बायका सुटत असत.

हे जमलं तर काय होतं ते इजिप्तमध्ये दिसलं. तिथे अनेक दशकं औषधमोहिमा झाल्या, लागण घसरली. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९८० साली मूत्राशयाच्या गाठींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्क्वॅमस होत्या; २००५पर्यंत त्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आल्या. युरोथेलियल प्रकार पुढे आला, रुग्णांचं वय वाढलं. पश्चिम आफ्रिकेच्या शहरांत तोच कल सुरू झाल्यासारखा दिसतो. पण इथले आकडे वाचताना सावध राहावं. बहुतेक माहिती एकेका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची असते. जो शहरापर्यंत पोचलाच नाही, किंवा तुकडा न तपासता गेला, तो कुठेच मोजला जात नाही. इबादान, बामाको आणि गांबिया इथल्या कर्करोग नोंदणी जुन्या आणि विश्वासार्ह म्हणाव्यात अशा. बाकी बराच प्रदेश कोराच आहे.

मराठी वाचकाला हे दूरचं वाटेल, पण १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शाह यांनी अशाच मूत्राशयाच्या बिल्हार्झियाचं केंद्र शोधलं होतं. तिथली वाहक गोगलगाय बुलिनस नव्हती, फेरिसिया नावाची इवलीशी गोड्या पाण्यातली जात होती. रोग देशभर पसरला नाही. तरी २०१३ साली फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नदीत पोहलेल्या शंभरावर लोकांना लागण झाली आणि कृमीचं मूळ सेनेगलकडे निघालं, तेव्हा एखाद्या नदीत योग्य गोगलगाय असली की एक बाधित पाहुणा पुरतो हे स्पष्ट झालं.

लागोस, अक्रा, डाकारला नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्यांनी तळी, कालवे, धरणाचं पाणी यांत पाय घालू नये; क्लोरीन घातलेला पोहण्याचा तलाव आणि समुद्र चालतो. नदीचं पाणी आंघोळीला वापरावं लागलंच तर गाळून, झाकलेल्या टाकीत दोन दिवस ठेवावं, तोवर अळ्या मरतात, नाहीतर उकळावं. पाण्यातून निघाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसलं की लागण टळते या समजावर विसंबू नये. पाण्याशी संबंध आला असेल तर परतल्यावर लगेच तपासणी करून उपयोग नाही, कारण कृमी अजून अंडी घालायला लागलेले नसतात. शेवटच्या संपर्कानंतर सहा ते बारा आठवड्यांनी दुपारची लघवी आणि रक्तातली प्रतिपिंडं तपासावीत, आणि मुंबई-पुण्यातल्या डॉक्टरांना आफ्रिकेतल्या पाण्याचा उल्लेख आपणच करावा. तिथे वाढलेल्या, आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं तर ‘मूतखडा असेल’ म्हणून पुढे ढकलू नये.